मदत हवी आहे: आपला गोलकीपर कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार, ही बातमी खरी की हूल हे कसं ओळखायचं?

जाळीमागचा
क्लबचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर पाचव्या प्रतिसादापर्यंत मूळ प्रश्न बाजूला पडेल. परिस्थिती अशी: आमचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर, वय २५, क्लबच्याच अकादमीतला, कराराचे १३ महिने उरलेले. त्याच लीगमधला कट्टर प्रतिस्पर्धी त्याला नेणार अशी रोज बातमी. समर्थकांच्या गटात तीन तट पडलेत. एक म्हणतो विकायचाच नाही. दुसरा म्हणतो आत्ताच विका, नाहीतर पुढच्या वर्षी फुकट जाईल. तिसऱ्याच्या मते पगार वाढवून घ्यायला एजंटने सोडलेली ही पुडी आहे.

मला हवी असलेली माहिती:
१. बातमीत दम आहे की नाही हे कशावरून ठरवायचं?
२. रिलीज क्लॉज (ठरलेली रक्कम भरली की खेळाडू सुटतो अशी करारातली अट) असेल तर क्लब 'नाही' म्हणू शकतो का? दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे वाचले.
३. प्रतिस्पर्ध्याला विकणार नाही अशी अट करारात घालता येत नाही का?
४. सेव्हच्या टक्केवारीत (चौकटीत आलेल्या फटक्यांपैकी किती अडवले) तो लीगमध्ये पहिल्या पाचात आहे. मग तो खरंच मोठ्या क्लबच्या तोडीचा समजायचा का?

सहा_यार्ड
देश कोणता ते सांगा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यावरच आहे.

जाळीमागचा
स्पेन.

सहा_यार्ड
मग 'विकायचाच नाही' हा तट आत्ताच बाद. स्पेनमध्ये १९८५ च्या १००६ क्रमांकाच्या राजाज्ञेनुसार व्यावसायिक खेळाडू ठरलेली भरपाई देऊन एकतर्फी करार मोडू शकतो. त्यामुळे तिथल्या जवळपास प्रत्येक करारात क्लॉजचा आकडा असतोच. कायद्याच्या भाषेत पैसे खेळाडू भरतो, प्रत्यक्षात नवा क्लब त्याच्या वतीने ते लीगकडे जमा करतो. विकणाऱ्या क्लबची संमती लागत नाही. त्याच्या हातात एवढंच की वाटाघाटीला बसायचं नाही आणि हप्ते नाकारायचे: पूर्ण रक्कम, एकदम, आणा.

तुमच्या प्रकरणाला सगळ्यात जवळचं उदाहरण गोलकीपर जोआन गार्सियाचं. जून २०२५ मध्ये तो एस्पान्योलहून थेट कट्टर प्रतिस्पर्धी बार्सिलोनाकडे गेला, तोही क्लॉज भरून. छापून येत होता २५ दशलक्ष युरोचा आकडा, महागाई निर्देशांकाची वाढ धरून रक्कम २६ दशलक्षांच्या वर गेली. तुम्ही वाचलेल्या दोन आकड्यांचं कारण असंच काही असू शकतं. काही करारांत विंडोच्या (खेळाडूंच्या बदल्यांच्या मुदतीच्या) शेवटच्या दिवसांत आकडा वाढतो, काहींत राष्ट्रीय संघाकडून खेळल्यावर. म्हणून 'क्लॉज किती' याच्या जोडीला 'कोणत्या तारखेला किती' हेही विचारा.

इंग्लंडमध्ये क्लॉज ऐच्छिक असतो आणि सगळं शब्दांवर चालतं. २०१३ मध्ये लुईस सुआरेझसाठी आर्सेनलने ४ कोटी पाउंडांवर एक पाउंड वाढवून देऊ केला, लिव्हरपूलने विकला नाही. 'इतकी बोली आली की सोडावंच लागेल' आणि 'इतकी बोली आली की खेळाडूला कळवावं लागेल' या दोन वाक्यांत कोट्यवधींचं अंतर आहे.

ऑफसाइड_आजोबा
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. स्पेनमधला क्लॉज कुणी भरायचा यावर क्लब बंधन घालू शकत नाही, त्यामुळे तुमच्याकडे अशी अट कागदावर राहील. क्लब एवढंच करू शकतो की नव्या करारात आकडा चढा ठेवायचा आणि त्या बदल्यात पगार वाढवायचा. खेळाडू तयार असेल तर.

उसनवारीत मात्र 'आमच्याविरुद्ध खेळवायचा नाही' ही अट चालते, तीही सगळीकडे नाही. प्रीमियर लीगमध्ये उसना दिलेला खेळाडू मूळ क्लबविरुद्ध खेळत नाही. पण २०१४ च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीत चेल्सीने उसना दिलेला गोलकीपर कोर्टवा ॲटलेटिको माद्रिदकडून चेल्सीविरुद्धच उभा राहिला. अशी अट आमच्या स्पर्धेत चालणार नाही, असं युएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) आधीच सांगून टाकलं होतं. ॲटलेटिको लंडनमध्ये ३-१ जिंकला.

अवांतर: तोच कोर्टवा २०१८ मध्ये ॲटलेटिकोच्या कट्टर प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदला गेला आणि पुढच्या वर्षी ॲटलेटिकोच्या मैदानावर परत आला, तेव्हा प्रेक्षकांतून त्याच्यावर खेळण्यातले उंदीर पडले.

लाल_कार्ड
एवढे कायदे कशाला? जायचं म्हणतोय ना, वर्षभर बाकावर बसवा. अक्कल येईल.

सहा_यार्ड
@लाल_कार्ड, १३ महिने उरलेत हो. सहा महिने उरले की फिफाच्या नियमानुसार तो दुसऱ्या क्लबशी पुढच्या हंगामाचा करार करू शकतो. नव्या क्लबने बोलणी सुरू करण्याआधी तुमच्या क्लबला लेखी कळवायचं, बास. म्हणजे करार जूनअखेर संपत असेल तर १ जानेवारीपासून तो मोकळा. बाकावर बसवून तुम्ही पगार भरणार, गोल खाणार आणि शेवटी हातात शून्य. गोलकीपर दोन्नारुम्मा २०२१ मध्ये मिलानहून पॅरिसला गेला तो असाच, करार संपवून. मिलानला एक युरो मिळाला नाही.

अकादमीचा खेळाडू असल्याने आणखी एक गोष्ट. बाहेरून आणलेल्या खेळाडूची किंमत हिशेबाच्या वहीत वर्षांवर वाटली जाते आणि विकताना उरलेली रक्कम नफ्यातून वजा होते. घरच्या पोराची वहीतली किंमत शून्य, त्यामुळे आलेली सगळी रक्कम नफा. खर्चमर्यादेत अडकलेल्या क्लबला हा मोह आवरत नाही. समर्थकांना सगळ्यात प्रिय असलेला पोरगाच आधी विकला जातो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

एकच_खुर्ची
पहिल्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. गोलकीपरची बदली बाकी खेळाडूंसारखी तपासू नका. विंगर चार ठेवता येतात, गोलकीपर मैदानात एकच असतो. त्यामुळे आपल्या गोलकीपरचा एजंट काय बोलतो ते सोडा आणि प्रतिस्पर्ध्याच्या सध्याच्या एक नंबरचं (पहिल्या पसंतीच्या गोलकीपरचं) काय होतंय ते बघा. त्याला गिऱ्हाईक आहे का? त्याचा पगार किती, करार किती वर्षांचा? तो हलत नसेल तर बातमी निम्मी हवेत.

२०२५ चा उन्हाळा बघा. पॅरिसने लीलहून गोलकीपर शेव्हालिएला आणलं, दोन्नारुम्माला सुपर कपच्या संघातूनच वगळलं, तो मँचेस्टर सिटीला गेला, सिटीचा गोलकीपर एडर्सन फेनेरबाचेला. एक कडी अडकली की पुढच्या सगळ्या अडकतात. २०१५ मध्ये ३१ ऑगस्टला दे हेआ मँचेस्टर युनायटेडहून रेआलला आणि नवास उलट दिशेने, असं ठरलं होतं. कागदपत्रं स्पेनच्या मुदतीनंतर काही मिनिटांनी पोचली, दोन्ही क्लबांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि दोघं गोलकीपर जागच्या जागी राहिले. ११ सप्टेंबरला दे हेआने युनायटेडशीच नवा करार केला.

दुसरी खूण तुमच्याच क्लबात दिसेल. ते नवा गोलकीपर शोधतायत का? दुसऱ्या फळीतला पोरगा नव्हे, पहिल्या दिवसापासून खेळू शकेल असा अनुभवी. एस्पान्योलने त्याच उन्हाळ्यात लेगानेसचा गोलकीपर दिमित्रोविच घेतला.

तिसरी खूण बातमीच्या शब्दांत. क्रम साधारण असा: विचारणा, एजंटशी बोलणं, लेखी बोली, क्लबांत एकमत, वैद्यकीय तपासणीची परवानगी, तपासणी, सही, नोंदणी. 'पगारावर एकमत झालं' ही बातमी एजंटकडून येते आणि ती सगळ्यात स्वस्त असते. 'लेखी बोली नाकारली' याला वजन आहे, कारण ते दुसरी बाजू खोडून काढू शकते. तपासणीची तारीख आली की तुमच्या गटातले वाद बंद करायला हरकत नाही. मात्र क्लॉज भरला जाणार असेल तर मधल्या दोन पायऱ्या गळतात. बोली नाही, नकार नाही, एका दुपारी थेट घोषणा. स्पेनमधली शांतता म्हणून फसवी असते.

आकडेमोड्या
चौथा प्रश्न. सेव्हची टक्केवारी विसरा. पेटीबाहेरून (पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून) मारलेला सरळ हातात येणारा फटकाही त्यात सेव्ह आणि सहा यार्डांवरून कोपऱ्यात मारलेला अडवला तोही सेव्हच. खोल बसून बचाव करणाऱ्या संघाच्या गोलकीपरवर लांबचे फटके जास्त येतात, टक्केवारी आपोआप फुगते.

पीएसएक्सजी (पोस्ट-शॉट एक्स्पेक्टेड गोल्स) बघा. चौकटीत जाणारा प्रत्येक फटका कुठून आला आणि चौकटीत कुठे चालला होता, यावरून तो गोल होण्याची शक्यता काढतात. हंगामाची बेरीज करा आणि त्यातून खाल्लेले गोल वजा करा. धरा बेरीज ४७.५ आणि गोल ४१, तर त्याने साडेसहा गोल वाचवले. चुका इथे होतात:

स्वयंगोल खाल्लेल्या गोलांत धरू नका, त्यांना पीएसएक्सजी नसतो.
पेनल्टी वेगळ्या काढा. चारातल्या साधारण तीन पेनल्टी गोल होतात, त्यामुळे वर्षात दोन अडवल्या की आकडा उगाच सुजतो.
दोन संकेतस्थळांचे आकडे एकत्र करू नका, प्रत्येकाचं गणित निराळं.
एका हंगामावर मत बनवू नका.

जाळीमागचा
@आकडेमोड्या, पेनल्टी आणि स्वयंगोल काढून हिशेब केला. गेला हंगाम +६, त्याआधीचा +१.५. त्याचे निम्म्याहून जास्त पास लांब उचललेले आहेत.

आकडेमोड्या
दोन्ही वर्षं अधिकात आहे, म्हणजे चेंडू अडवतो याबद्दल शंका नको. पण +६ हे त्याचं खरं रूप धरू नका, +३ च्या आसपास धरून चाला.

अडचण लांब पासांची. ती सवय त्याची की प्रशिक्षकाचा हुकूम? गोल किक तपासा. जवळ उभे असलेले सेंटर बॅक (मधले बचावपटू) मोकळे असतानाही तो लांब मारत असेल तर पायांवर विश्वास नाही. सेंटर बॅकच वर निघून जात असतील तर ती योजना आहे, त्याचा दोष नाही.

मग प्रतिस्पर्ध्याची बचावफळी बघा. ती वर चढून खेळत असेल तर त्याला पेटीबाहेर धावत येऊन चेंडू मारावा लागेल, समोरासमोर एकट्याशी गाठ पडेल, आणि तासभर काहीच काम नसताना ७० व्या मिनिटाला एकच फटका येईल. सामन्याला पाच-सहा फटके झेलणाऱ्याला ही रिकामी बसण्याची नोकरी जड जाते. चेल्सीने २०१८ मध्ये गोलकीपर केपासाठी बिल्बाओचा ८ कोटी युरोचा क्लॉज भरला, गोलकीपरसाठीचा विक्रम होता तो. दोन वर्षांत दुसरा गोलकीपर मेंडीला आणावं लागलं.

ऑफसाइड_आजोबा
उलट उदाहरणही नोंदवतो. १९७७ मध्ये टॉटनहॅमने गोलकीपर पॅट जेनिंग्जला वय झालं समजून कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनलला ४५ हजार पाउंडांत देऊन टाकला. तो आर्सेनलमध्ये त्यानंतर कित्येक वर्षं पहिला गोलकीपर राहिला, १९७९ चा एफए कपही जिंकला. गोलकीपरच्या वयाचा हिशेब विंगरच्या फूटपट्टीने केला की असं होतं. तुमचा तर २५ चा आहे.

जाळीमागचा
सर्वांचे आभार. शेवटची शंका: क्लॉज भरला, सही झाली, तरी काही अडू शकतं का?

सहा_यार्ड
हो, नोंदणी. स्पेनमध्ये लीग प्रत्येक क्लबला संघखर्चाची मर्यादा घालून देते. ती ओलांडली असेल तर खेळाडू तुमचा, पण मैदानात उतरवता येत नाही. बार्सिलोनाला जोआन गार्सियाच्या वेळी हीच अडचण आली. दीर्घकाळ जखमी खेळाडूच्या पगाराचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग नव्या नोंदणीसाठी वापरता येतो, पण त्यासाठी वैद्यकीय अहवाल लीगकडे जायला हवा. बार्सिलोनाचा जखमी गोलकीपर आणि कर्णधार टेर स्टेगन त्या अहवालाला संमती देईना. ऑगस्टमध्ये क्लबने त्याचं कर्णधारपद काढलं, दुसऱ्या दिवशी संमती आली, कर्णधारपद परत मिळालं. गार्सियाची नोंदणी लीगच्या पहिल्या सामन्याच्या तोंडावर झाली.

तेव्हा प्रतिस्पर्ध्याकडे मर्यादेत जागा आहे का, हे आधी बघा. लीग हे आकडे स्वतः जाहीर करते. आणि त्यांचा कुणी मोठ्या पगाराचा खेळाडू चार महिन्यांसाठी जखमी झाला, तर त्या दिवशी तुमच्या गटाला जागं ठेवा.

लाल_कार्ड
म्हणजे आता त्यांच्या फिजिओवर नजर ठेवायची तर!

एकच_खुर्ची
फिजिओवर आणि त्यांच्या एक नंबरच्या एजंटवर. दुसरा आधी.