प्रति: लाकडाची भट्टी गेली, खारीची चवही गेली
धूर गेला म्हणून खारीची चव गेली, हा वरचा मुद्दा पटत नाही. जुन्या भट्टीत लाकूड आधी जाळून घेतात, निखारे बाजूला ओढतात, राख झाडतात आणि मगच माल आत सारतात. धूर तोवर धुराड्यातून गेलेला असतो. विटांची आच हळूहळू उतरते, खरी करामत तिची. कडक आचेवर पाव, थोडी उतरली की खारी, आणि उरलेल्या धगीवर तीच खारी नि टोस्ट पुन्हा वाळतात.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं. गॅस किंवा विजेवर ही उतरती आच आपणच घडवावी लागते. पदर पूर्ण उमलेपर्यंत २०० ते २२० अंश, मग ११०-१२० वर आणून तासभर वाळवण. गॅस वाचवायला नेमका हाच दुसरा टप्पा कापतात, याचं वाईट वाटतं. मग खारी बाहेरून तांबूस दिसते, पण मधले पदर ओलसर राहतात आणि डब्यात चिवट होतात. पंख्याचा ओव्हन असेल तर सुरुवातीला पंखा अगदी मंद ठेवा. वाऱ्याने वरचे पदर आधीच सुकतात, फुगणं अडतं आणि खारी एका अंगाला कलंडते. मे महिन्यात पिठाच्या घड्यांमध्ये घातलेलं मार्जरीन (लोण्यासारखी वनस्पती-चरबी) वितळून पिठात मुरलं, तर मात्र कुठल्याच भट्टीत पदर सुटणार नाहीत; प्रत्येक घडीनंतर पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये हवंच.