संध्याकाळ आधी ठरवा, संग्रहालयं मागून

पायपीट_नको:
परक्या शहरात तीन-चार दिवस मिळाले की बहुतेक लोक आधी संग्रहालयांची तिकिटं काढून टाकतात आणि रात्री 'बघू काय मिळतंय' म्हणून मोकळ्या ठेवतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. चित्र उद्याही त्याच भिंतीवर असेल. गाणारी मंडळी उद्या दुसऱ्या गावी असतील.

आधी त्या तारखांना शहरात काय चालू आहे ते बघा, मग दिवस भरा. हे न केल्याने नेमकं काय होतं? जुलै-ऑगस्टमध्ये व्हिएन्नाला गेलेल्यांना स्टेट ऑपेरा (तिथलं संगीतनाट्यगृह) बंद सापडतो, कारण त्यांचा हंगाम सप्टेंबर ते जून. न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेची बरीच थिएटरं सोमवारी बंद, लंडनच्या वेस्ट एंडची बरीचशी रविवारी. नेमकी तीच रात्र तुमची मोकळी असते.

आणि तिकीट महाग म्हणून हे टाळू नका. व्हिएन्नाला उभं राहून बघायच्या चारशेच्या वर जागा आहेत. त्यात तळमजल्यावरची, मागची मधली जागा सर्वांत भारी. रंगमंच समोर येतो. वरच्या गॅलरीत आवाज छान पोचतो, पण कडेला उभं राहिलात तर अर्धा रंगमंच गायब. जागा मिळाली की कठड्याला स्कार्फ बांधून ठेवायचा आणि बाहेर फिरून यायचं. तो स्कार्फ कुणी हलवत नाही. (रुमाल टाकून जागा धरणं आपल्याला कुणी शिकवायला नको.)

तिकीटखिडकी:
असहमत, आणि बऱ्यापैकी.

'चित्र उद्याही भिंतीवर असेल' हे ऐकायला ठीक आहे. पॅरिसचं पाँपिदू हे आधुनिक कलेचं संग्रहालय २०२५ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झालं, ते २०३० पर्यंत. बर्लिनचं पेर्गामोन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण बंद आहे.

जे उघडं आहे तिथेही 'मागून बघू' चालत नाही. मिलानला लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' बघायला एका गटाला १५ मिनिटं मिळतात. भिंतीवरचा रंग नाजूक आहे, म्हणून एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात. वेळ चुकली की ती पाळी गेली, पुढच्या गटात घुसवत नाहीत. रोमच्या बोर्गेझे गॅलरीत दोन-दोन तासांच्या पाळ्या असतात आणि आरक्षणाशिवाय प्रवेश नाही. ॲमस्टरडॅमला ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं दर मंगळवारी सुटतात, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची. म्हणजे तो मंगळवार चुकला तर जवळजवळ संपलंच.

उलट नाटकाचं तिकीट त्याच दिवशीही मिळू शकतं. न्यू यॉर्कला टाइम्स स्क्वेअरची सवलतीची खिडकी १९७३ पासून हेच करते आहे. तुम्ही सांगितलेल्या उभ्या जागाही त्याच दिवशी विकतात. मग जे सहा आठवडे आधी संपतं ते आधी धरायचं, की जे दुपारी मिळतं ते?

पायपीट_नको:
तुम्ही दिलेली आरक्षणाची तिन्ही उदाहरणं खरी, पण ती अपवाद आहेत. शहरात अशी जागा एखाद-दुसरी. ती धरा, माझी हरकत नाही. बाकीच्या संग्रहालयांच्या याद्या कशाला आधी भरायच्या?

सवलतीच्या खिडकीवर उरलेली तिकिटं येतात, हवी ती नव्हे. ज्या प्रयोगासाठी लोक शहरात येतात तो तिथे क्वचितच दिसतो. शिवाय स्वस्त जागा घेताना 'दृश्य अंशतः अडलेलं' ही बारीक ओळ वाचत चला. घोड्याच्या नालेसारख्या जुन्या प्रेक्षागृहांत बाजूच्या बॉक्समधल्या दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतून पुढच्याचं डोकंच दिसतं. त्यापेक्षा वर पण मधोमध बसा.

मध्यंतर_नाही:
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहिली. ऑपेराला उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत बाहेर थांबावं लागतं. वाग्नरच्या 'ऱ्हाइनगोल्ड' या ऑपेराला मध्यंतरच नाही, अडीच तास सलग. तिथे उशीर म्हणजे तिकीट वाया. त्यामुळे त्या दिवशी चारनंतर संग्रहालयाची वेळ घेऊच नये. सामान परत घेणं, खोलीवर जाणं, कपडे बदलणं, पुन्हा निघणं, यात दोन तास सहज जातात.

आणि पूर्वेकडून पश्चिमेला लांबचा विमानप्रवास करून आलेल्याने पहिल्या संध्याकाळी काही मोठं ठेवू नये. रात्री नऊला अंग म्हणतं मध्यरात्र झाली. अंधार, मऊ खुर्ची, संथ संगीत... पुढचं सांगायला नको.

उशिराचा_पास:
संध्याकाळ विरुद्ध संग्रहालय असा वादच का? पॅरिसचं लूव्र संग्रहालय बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं (मंगळवारी बंद). तिथलंच ऑर्से संग्रहालय गुरुवारी पावणेदहापर्यंत (सोमवारी बंद). न्यू यॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय शुक्रवार-शनिवारी नऊपर्यंत. सहलींचे गट तोवर गेलेले असतात.

फक्त 'नऊपर्यंत'चा अर्थ नीट लावा. लूव्रमध्ये शेवटचा प्रवेश आठला आणि साडेआठपासून दालनं रिकामी करायला लागतात. साडेसातला पोचलात तर हाती जेमतेम तास. सहाला आत असाल तर खरा फायदा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शुक्रवारी दहापर्यंत दार उघडं, पण संध्याकाळी सगळी दालनं नसतात. तुमचं दालन यादीत आहे का ते आधी बघा. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात शेवटचे दोन तास फुकट. पण रांगेतच त्यातला मोठा भाग जातो, म्हणून ज्याला निवांत बघायचंय त्याने पैसे भरून सकाळी जावं.

तिकीटखिडकी:
म्हणजे उशिराचा वारही आधीच धरावा लागतो. माझाच मुद्दा.

दुसरा_सेट:
तुम्हा सगळ्यांची रात्र दहाला संपते! जॅझच्या जागा आणि क्लब यांचं कुणी नावच घेईना.

जॅझ क्लबमध्ये बहुधा एका रात्री दोन सेट, म्हणजे वादनाच्या दोन बैठका असतात, तिकीट वेगवेगळं. दुसरा घ्या. वादकांचे हात मोकळे झालेले असतात आणि लांबलेल्या वादनाला पुढच्या सेटची घाई नसते. पहिला सेट मात्र नाटकाबरोबर जमत नाही, दुसरा जमतो.

क्लबला परतीची गाडी आधी बघा, मग बाकी. टोकियोत मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या थांबतात आणि पाचच्या आसपास सुरू होतात. म्हणजे साडेअकराला निघा किंवा पहाटेपर्यंत थांबा, मधला मार्ग टॅक्सीचा. लंडनची रात्रीची ट्यूब (भुयारी रेल्वे) २०१६ पासून आहे, पण फक्त शुक्रवार-शनिवारी आणि काहीच मार्गांवर. बर्लिनमध्ये शुक्रवारी आणि शनिवारी भुयारी रेल्वे रात्रभर चालते.

बर्लिनला एक सोय आणखी. बर्गहाइनसारख्या क्लबमध्ये शनिवारी रात्री सुरू झालेलं सोमवारी सकाळपर्यंत चालतं. मग मध्यरात्रीच्या रांगेत कशाला उभं राहायचं? रविवारी दुपारी जा. दारात मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, तो काढला तर बाहेर. आठ-दहांच्या घोळक्याने गेलात तर दारातूनच परत फिरण्याची शक्यता जास्त, दोघं-तिघं जा. कानात इअरप्लग हवेतच.

पायपीट_नको:
रविवारी दुपारी क्लब म्हणजे माझा क्रम आणखीच उलटा झाला. पण तत्त्व माझंच.

मध्यंतर_नाही:
उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी: लंडनचे प्रॉम्स (शास्त्रीय संगीताचा महोत्सव) जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतात, आणि रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये खाली उभं राहून ऐकायची तिकिटं त्याच दिवशी मिळतात. व्हेरोनाच्या रोमन अखाड्यातले ऑपेरेही उन्हाळ्यातलेच. दगडी पायऱ्यांवर बसायचं, म्हणून उशी न्या. पाऊस आला की वादक वाद्यं घेऊन आधी आत पळतात. उघड्यावरच्या प्रयोगांना सहसा नियम असा की एकदा सुरू झाला तर पैसे परत नाहीत. तेव्हा तिथे तरी मुक्कामाच्या सुरुवातीची एखादी रात्र धरा, शेवटची नको, म्हणजे पावसाने बिघडलं तर पुन्हा जायला रात्र उरते.

तिकीटखिडकी:
उशी मान्य. क्रम अजून अमान्य.