पुढचा टायर कोणता घ्यावा? (वेताळ टेकडी, हार्डटेल, २९ इंची)

सायकलवाली_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी कर्वेनगरला राहते. वय ४३, वजन ६१ किलो. दोन वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा पहाटे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सायकल घेऊन जाते. सायकल हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), २९ इंची, पुढे १०० मिमी दबणारा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा भाग. टायर सायकलीबरोबर आलेलेच आहेत, २.२ इंच रुंदीचे. मधे रबराची बारीक बारीक बटणं दाटीवाटीने आणि कडेला अगदी जेमतेम. आत ट्यूब आहे.

गेल्या महिन्यात खाणीच्या वरून पंचवटीच्या बाजूला उतरताना डावीकडच्या वळणावर पुढचं चाक निसटलं. वेग फार नव्हता. ब्रेक थोडा धरलेला होता, पण करकचून दाबलेला नव्हता. काय होतंय ते कळेपर्यंत मी खाली होते. मनगट मुरगळलं, तीन आठवडे पट्टा. नंतर त्या जागी पायी जाऊन बघितलं. खाली जमीन टणक आणि वर बारीक मुरूम, शहाबादी फरशीवर ज्वारी सांडावी तसा. आता मनगट ठीक आहे, पण त्या वळणाआधी मी सायकलवरून उतरते आणि चालत जाते. दोन वर्षं जिथून मजेत उतरले तिथून चालत जायचं, याचं फार वाईट वाटतं.

एका दुकानात म्हणाले की तुमच्या सायकलला हाच टायर बसतो. दुसऱ्या ठिकाणी सगळ्यात महागाचा दाखवला, पण तो का घ्यायचा ते सांगता आलं नाही. बजेट पाच हजारांच्या आत, म्हणजे एकच टायर होईल. पुढचाच बदलला तर चालतं का? आणि घरापासून टेकडीपर्यंत डांबरी रस्ता आहे, तिथे सायकल फार जड तर होणार नाही ना?

पाषाणचा_पक्या

ताई, मॅक्सिस कंपनीचा असेगाय टायर, २.५, मॅक्सग्रिप रबर. विषय संपला. मी दोन वर्षं हाच वापरतोय, कोरडं असो की ओलं, पुढचं चाक सुटलेलं आठवत नाही. बजेट थोडं वाढवा, मनगटापेक्षा टायर स्वस्त आहे.

मुरूमकाका

मृदा आणि खडक हा माझा आयुष्यभराचा विषय. तीस वर्षं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे आणि टेकडीवर सायकल चालवतो. त्यामुळे मी टायरच्या आधी जमिनीबद्दल बोलणार आहे. थोडा धीर धरा.

तुम्ही ज्वारी म्हणालात ते अगदी बरोबर निरीक्षण आहे. आपल्या टेकड्या बेसाल्टच्या, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या. हा कातळ ऊन-पावसाने झिजतो, सुटतो आणि त्याचा मुरूम होतो. पाऊस बारीक माती वाहून नेतो आणि खडे मागे राहतात. म्हणून दिवाळीनंतर ते थेट मे महिन्यापर्यंत आपल्याकडे खाली टणक आणि वर सुटं, अशी जमीन मिळते. परदेशी लेखांत मऊ, ओलसर जंगली मातीसाठी जे टायर नावाजतात, ते इथे तसेच्या तसे लागू पडत नाहीत.

अशा जमिनीवर टायरला दोन कामं करावी लागतात. आधी बटणांनी सुटा थर बाजूला सारून खालच्या टणक जमिनीला टेकायचं आणि मग तिथे रबराने धरून ठेवायचं. तुमच्या टायरची बटणं बुटकी आणि दाट आहेत. ती थराच्या वरच तरंगतात, खडे खाली गोळ्यांसारखे फिरतात आणि चाक निघून जातं. उलट चिखलासाठी असतात तशी उंच, बारीक बटणं घेतली तर ती कातळावर वाकतात आणि वळणात टायर डुगडुगल्यासारखा वाटतो. आपल्याला हवीत मध्यम उंचीची, मोकळी, आणि कडेची बटणं बुडाशी रुंद असलेली. दुकानात टायर हातात घ्या आणि कडेचं बटण अंगठ्याने आडवं ढकलून बघा. मुळापासून लवलं तर तो टायर नको.

पुढचाच बदलला तर चालतं का, असं तुम्ही विचारलंत. चालतं, आणि तसंच करावं. मागचं चाक घसरलं तर शेपूट हलते, माणूस सावरतो. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही, हे तुम्ही अनुभवलंत. वजनाची काळजीही पुढे कमी करा. पेडल मारताना बहुतेक भार मागच्या चाकावर असतो, त्यामुळे पकडीचा टायर पुढे घातला तर रस्त्यावर जेवढा जड जाईल असं वाटतं तेवढा जात नाही. तोच मागे घातलात तर पौड रस्त्याकडून टेकडीवरच्या एआरएआय संस्थेचा चढ चढताना नक्की जाणवेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी हलकेपणाच्या नादात मी पुढे शर्यतीचा गुळगुळीत टायर घातला होता. कानिफनाथच्या पठारावरून उतरताना अशाच मुरमावर पडलो आणि डाव्या खांद्याचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. तेव्हापासून पुढच्या टायरच्या बाबतीत मी ग्रॅम मोजत नाही.

असेगाय वाईट नाही, उत्तम आहे. दक्षिण आफ्रिकेचा डाउनहिल जगज्जेता ग्रेग मिनार याच्या सहभागाने तो तयार झाला. पण तो लांब फोर्कच्या, तीव्र उतारावरच्या सायकलींसाठी आहे. १०० मिमीच्या हार्डटेलवर, रोज डांबरावरून ये-जा करून, मॅक्सग्रिपचं मऊ रबर लवकर झिजेल आणि पैसे वाया जातील. मधल्या दर्जाचं रबर घ्या. मॅक्सिसमध्ये त्याला मॅक्सटेरा म्हणतात. श्वाल्बे या दुसऱ्या कंपनीत टायरवर रंगीत रेघ असते: लाल सगळ्यात वेगवान, मग निळी, मग नारिंगी, आणि जांभळी सगळ्यात मऊ. तुमच्यासाठी नारिंगी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं विचारायचं राहिलं. पडलात त्या दिवशी हवा किती होती?

स्पोकनिपल

काकांशी सहमत, फक्त रुंदीबद्दल सांगतो, कारण तिथे खूप जण फसतात. टायर घ्यायच्या आधी रिमची आतली रुंदी मोजा, एका कडेच्या आतून दुसऱ्या कडेच्या आतपर्यंत. मॅक्सिसवर डब्ल्यूटी (वाइड ट्रेल, म्हणजे रुंद रिमसाठीचे) लिहिलेले २.४ आणि २.५ चे टायर ३० ते ३५ मिमी आतल्या रुंदीच्या रिमसाठी आखलेले असतात. अरुंद रिमवर असा टायर फुग्यासारखा गोल बसतो आणि कडेची बटणं जागेवर राहत नाहीत. रुंद टायर घेतला आणि पकड मात्र कमी मिळाली, असं होतं.

फोर्कमध्ये जागा किती आहे तेही बघा. दोन्ही बाजूंना आणि वर कमानीखाली बोटभर तरी मोकळं हवं, नाहीतर जूनमध्ये चिखल अडकून चाक जाम होतं.

ऑनलाइन घेणार असाल तर टायरवरचा दोन आकड्यांचा शिक्का वाचा. २९ इंचीवर तो ५८-६२२ असा काहीतरी असतो. पहिला आकडा मिमीमध्ये रुंदी, दुसरा रिमवर बसायचा व्यास. ६२२ पाहिजेच. ५८४ म्हणजे साडेसत्तावीस इंची, ५५९ म्हणजे २६ इंची. बाहेर खोक्यावर काय लिहिलंय त्यावर विश्वास ठेवू नका. मला एकदा चुकीचा आला आणि परत पाठवण्यात पंधरा दिवस गेले.

सिंहगडरोडवाली

ताई, मीही अशीच पडले होते, तळजईला, त्यामुळे तुमची भीती समजते. टायर बदलाच, पण वळणात काय करायचं तेही सांगते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

टायरजवळ पकड एकच असते. त्यातली ब्रेकला दिली की वळायला तेवढी कमी उरते. तुम्ही वळणात ब्रेक थोडा धरला होता म्हणालात, तो थोडासुद्धा मुरमावर खूप असतो. वेग वळणाच्या आधी, सरळ असतानाच कमी करायचा आणि वळणात पुढचा ब्रेक सोडून द्यायचा. सुरुवातीला हात ऐकत नाही.

दुसरं म्हणजे भीती वाटली की आपण अंग मागे नेतो, सीटच्या मागे लटकतो. मग पुढच्या चाकावर भारच राहत नाही आणि ते आणखी सहज सुटतं. कोपर बाहेर, छाती हँडलच्या वर, आणि सायकल आत झुकवायची, आपण सरळ राहायचं. कडेची बटणं सायकल झुकली तरच जमिनीला लागतात. मी हे रिकाम्या मैदानात दोन चपला ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यात फिरून शिकले.

सायकलवाली_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. रिम मोजली, आतून २३ मिमी आहे. फोर्कमध्ये जागा बरी आहे.

काका, हवेचं सांगते. पडले त्याच्या आदल्या दिवशी दुकानात हवा भरली होती. काल गेज आणून बघितलं तर मागच्या टायरमध्ये, ज्याला तेव्हापासून हात लावलेला नाही, अजून ४२ पीएसआय (गेजवरचं हवेच्या दाबाचं माप) आहे. हे जास्त आहे का? मला वाटायचं टणक टायर चांगला.

मुरूमकाका

फार जास्त आहे. एवढ्या हवेने टायर खड्यावर बसत नाही, उडतो. तुमच्या वजनाला, ट्यूब ठेवून, पुढे २८ पासून सुरुवात करा आणि दर फेरीला एकेक पीएसआय कमी करत जा. मागे दोन-तीन जास्त ठेवा. ट्यूबवर फार खाली गेलात तर दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, सापाच्या दातांसारखी. तसं झालं की समजायचं, दोन पीएसआय वाढवायचे. पेट्रोल पंपावरच्या गेजवर या कामासाठी भरवसा ठेवू नका. स्वतःचा छोटा गेज ठेवा, नेहमी तोच वापरा.

टायर येईपर्यंत आहे त्याच टायरवर हे करून बघा. निम्मा फरक आजच कळेल.

२३ मिमी रिमला मॅक्सिसचा मिनियन डीएचएफ २.३, मॅक्सटेरा, असं मी सुचवेन. तो डब्ल्यूटी नाही, त्यामुळे तुमच्या रिमवर आकार नीट राहील. त्याच्या मधल्या आणि कडेच्या बटणांमध्ये मोकळी पन्हळ आहे. तिथे सायकल अर्धवट झुकली की क्षणभर पोकळ वाटतं, म्हणून वरती ताईंनी सांगितलंय तसं नीट झुकवायला शिका. ते नको असेल तर श्वाल्बेचा हान्स डॅम्फ २.३५ बघा, त्यात मधली जागा बटणांनी भरलेली आहे. तुमच्या बजेटमध्ये आणि हातात जो ताजा मिळेल तो घ्या. ताजा म्हणतो कारण दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टायरचं रबर कडक होतं. बटणात नख रुतवून बघा, रबराने किंचित तरी दबायला हवं.

बसवताना बाजूवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना, ते स्वतः तपासा.

पाषाणचा_पक्या

काका, रिम २३ आहे हे मला माहीत नव्हतं. २.५ चा सल्ला मागे घेतो. पण जमलं तर ट्यूबलेस करा ताई. बाभळीच्या काट्यांची भोकं सीलंटने (टायरच्या आत ओतायचा द्रव) आपोआप बुजतात आणि हवा अजून चार पीएसआय खाली नेता येते. आधी रिम ट्यूबलेसला चालते का ते विचारा.

मुरूमकाका

ट्यूबलेसचं बरोबर आहे, पुढच्या टप्प्यात करा. आणि एक विनंती. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, तिथे कुठलाच टायर धरत नाही, सरळ उतरून चाला. पाऊस पडून गेल्यावर लगेच वाटेवर सायकल घातली की चाकोऱ्या पडतात, पाणी त्यातूनच वाहतं आणि वाट खचते. एक दिवस थांबा. हडपसरच्या पुढे शेतांकडे जात असाल तर काळ्या मातीत ओल असताना शिरूच नका, ती चाकाला लिंपली जाते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

सायकलवाली_कर्वेनगर

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

आधी फक्त हवा कमी केली, जुन्याच टायरवर ३०. पहिल्याच दिवशी खडखडाट कमी झाला, मनगटाला जाणवलं. मग डीएचएफ २.३ मिळाला, बजेटच्या चारशे रुपये वर. मुलाने आणि मी मिळून गॅलरीत बसवला, बाण दोनदा बघितला. मागचा टायर पार झिजला होता, तो काढला आणि पुढचा जुना तिथे लावला. रस्त्यावर थोडा घूंऽ असा आवाज येतो, पण घरापासून वर पोचायला मला पूर्वीइतकाच वेळ लागतो.

चपला ठेवून आठच्या आकड्यात आठवडाभर फिरले. मग शनिवारी त्या वळणावर गेले. पहिल्यांदा थांबले आणि पायी उतरले. परत वर गेले. दुसऱ्यांदा अगदी हळू, पण सायकलवर बसून. तिसऱ्यांदा वेग आधीच कमी केला, वळणात पुढच्या ब्रेकवरचं बोट उचललं आणि सायकल झुकवली. टायरखाली खडे चुरचुरताना ऐकू आले आणि चाक धरून राहिलं. खाली पोचल्यावर एका फिरायला आलेल्या आजोबांनी विचारलं, बरी आहेस ना, कारण मी उभी राहून रडत होते.

आता पुढे २६ आहे. याच्या खाली जाऊ का? माझा गेज कमी दाखवतो असं वाटतंय. काका, रविवारी सकाळी सहाला पंचवटीच्या बाजूला असेन. येणार असाल तर तुमचा गेज घेऊन या.

मुरूमकाका

येतो. २६ वरच राहा, मी बघेपर्यंत खाली नेऊ नका. आणि त्या वळणाचा मुरूम मलाही बघायचा आहे.