अनुभव धागा: बडोद्यातलं रात्रीचं साधं मासळीचं जेवण

धागाकर्ती
बडोद्यात मासे खाणारे आपण मराठी थोडके, आणि मिळतात ते मासेही मोजकेच. तरी आठवड्यातून एखाद्या रात्री घरात मासळी शिजतेच. तळण कमी, मसाला कमी, पाऊण तासात पानं वाढून मोकळं, असं काय काय करता ते लिहा. काय बिघडलं तेही लिहा. फक्त 'चवीनुसार' लिहून पळ काढू नका.

सुरुवात माझ्यापासून. आमच्या विंगेत मासे शिजणारं घर एकच, आमचं. बांगडा तव्यावर पडला की वरच्या मजल्यावरचं दार धाडकन लागायचं. तोंडाने कोणी काही बोललं नाही कधी, पण दार लागायचं. म्हणून मी मासा उकडायला लागले. पापलेटच्या तुकड्यांना मीठ-लिंबू लावायचं. अर्धी वाटी ओलं खोबरं, मूठभर कोथिंबीर, तीन मिरच्या, चार लसूण पाकळ्या यांची चटणी थापायची, केळीच्या पानात गुंडाळून मोदकपात्रात पंधरा मिनिटं. तेल शून्य. सासूबाईंनी अट घातली की गणपतीचं मोदकपात्र वापरायचं नाही, म्हणून दुसरं आणलं. त्याच्या झाकणावर त्यांनी लाल नेलपॉलिशने फुली मारून ठेवलीय. परवा वरच्या बेन जिन्यात भेटल्या तर विचारतात, "आजे पातरां बनाव्यां?" पातरां म्हणजे आपली अळूवडी. मी हो म्हटलं.

दांडिया बाजारातले आजोबा
पापलेट ठीक आहे, पण पावसाळ्यात भरूचकडून चाक्सी येते ती विसरू नका. बंगाली लोक हिलसा म्हणतात तीच. समुद्रातून नर्मदेत चढते. पूर्वीसारखी येत नाही आणि भाव विचारायची सोय नाही, पण वर्षातून एकदा आणतोच. हिला तेल लागतच नाही. हळद, मीठ, थोडं तिखट लावून गरम तव्यावर मंद आचेवर ठेवा, स्वतःच्याच चरबीत परतते. काटे मात्र केसासारखे. नातवंडांना मी निवडून देतो, त्यात माझं जेवण गार होतं. चालायचंच.

मांजलपूरचा भाडेकरू
मी एकटा राहतो, बजेट बेताचं. त्यामुळे रोहू आणि कटला. पहिल्या वेळी केलेलं कालवण टाकून द्यावं लागलं, तळ्याच्या गाळासारखा वास येत होता. मला वाटलं मासा शिळा होता, मासेवाल्यावर चिडून आलो. तो बिचारा म्हणाला, "साहेब, तळ्याचा मासा आहे, तळ्याचाच वास येणार." मग शेजारच्या बंगाली काकूंनी शिकवलं: तुकडे धुऊन मीठ, हळद आणि लिंबू चोळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचे आणि पुन्हा धुवायचे. आंबटाने तो वास बराच उतरतो. दुसरं म्हणजे पेटीचा, म्हणजे पोटाकडचा तुकडा मागायचा. पाठीच्या तुकड्यात बारीक दुहेरी काटे असतात, पोटाकडच्यात मोठे आणि मोजके.

आता माझं ठरलेलं आहे. एक चमचा तेलात लसूण-मिरची, दोन टोमॅटो, पेलाभर पाणी, उकळी आली की तुकडे सोडून आठ मिनिटं. बाजूला भाताचा कुकर. रोहूवर मागे कधीतरी नाक मुरडलं होतं त्याची लाज वाटते.

कारेलीबागेची सून
आमच्याकडे भुजणं. फोडणी नाही, वाटण नाही. कांदा, ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या, भरपूर कोथिंबीर, हळद, मीठ आणि दोन चमचे कच्चं तेल हाताने कुस्करायचं. तळाला बटाट्याच्या चकत्या, वर मासे, वरून थोडा चिंचेचा कोळ. पाणी जेमतेम पाव वाटी. झाकण ठेवून मंद गॅसवर. चमचा घालायचा नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून गोल हलवायचं. माहेरी हे बोंबलाचं व्हायचं, इथे ताजे बोंबील रोज कुठले मिळायला! सुरमईचंही छान होतं.

बांगडाप्रेमी (माजी)
सगळे हृदयासाठी बांगडा खा म्हणतात, ओमेगा-३ असतं म्हणतात. खरंच असतं. मी आठवड्यातून चारदा खायला लागलो आणि पायाचा अंगठा सुजून लाल झाला. युरिक ॲसिड. बांगडा, तारली यांत प्युरीन जास्त असतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी विचारून खा. मी आता महिन्यातून दोनदा, तेही एकच तुकडा, बायकोच्या देखरेखीखाली.

फ्रीजरवाली
दोन ओळी. गोठवलेला मासा गरम पाण्यात टाकून घाईने वितळवू नका, बाहेरून लगदा होतो आणि आत बर्फ राहतो. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवा.

रावपुऱ्याची मावशी
जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, तेव्हा मी सुका बोंबील काढते. मीठ फार असतं. यांचं बीपी आहे म्हणून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवते, पाणी टाकून पुन्हा भिजवते. मग कांदा आणि वांग्याबरोबर परतते, वरून मीठ घालतच नाही. वास मात्र मोदकपात्रवाल्या ताईंच्या पातऱ्यांसारखा येत नाही! त्या दिवशी आम्ही शेजाऱ्यांच्या सत्संगाची वेळ बघून फोडणी घालतो.

धागाकर्ती
मावशी, सत्संगाची वेळ मलाही कळवा. आणि कारेलीबागेच्या ताई, कांदा किती? शेवटी तुम्हीही पळालातच.

कारेलीबागेची सून
अर्धा किलो माशाला दोन मोठे. आणि पहिली दहा मिनिटं झाकण उघडू नका, कितीही वाटलं तरी.