‘जगिक’, ‘सांसारिक’, ‘ऐहिक’ आणि ‘वाहवत जाणे’

प्रश्न: तरुणांच्या अभ्यासवर्गात योहानाच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय चालू आहे. ‘जगावर प्रीती करू नका’ इथे आल्यावर एकीने विचारले, “मग नोकरी, लग्न, घर हे सगळे जगिकच ना?” प्रार्थनेत आणि उपदेशात आपण जगिक, सांसारिक, ऐहिक हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. ते खरेच एक आहेत का? आणि इब्री २:१ मधले ‘वाहवत जाणे’ म्हणजे विश्वास सोडणे का?

प्रतिसाद: ताई, या अर्थाने ‘सांसारिक’ शक्यतो वापरू नका. ‘तिने नेटाने संसार केला’ हे मराठीत कौतुक आहे, आणि ज्या शब्दात घरदार, मुलेबाळे येतात त्यात तरुणांना पाप ऐकू येऊ नये. योहानाचा ग्रीक शब्द कॉसमॉस. त्याचा जुना अर्थ रचना, मांडणी. १ पेत्र ३:३ मध्ये तोच शब्द बाहेरच्या सजावटीसाठी आला आहे. योहान ३:१६ मध्ये देवाने ज्या जगावर प्रीती केली तेही कॉसमॉस, आणि १ योहान २:१५ मध्ये ज्यावर प्रीती करू नका असे सांगितले तेही कॉसमॉसच! पहिल्या ठिकाणी माणसे आहेत. दुसऱ्या ठिकाणी देवाला वगळून चालणारी जगाची रीत आहे. तिची फोड योहान लगेच पुढच्या वचनात करतो: देहाची वासना, डोळ्यांची वासना, संसाराविषयीची फुशारकी. या तिसऱ्यातला ‘संसार’ म्हणजे ग्रीक बिओस, चरितार्थाची साधने. याच पत्राच्या ३:१७ मध्ये हाच शब्द पुन्हा येतो. तिथे साधने जवळ असूनही गरजू भावाला पाहून कोणी हृदय बंद करून घेतो. साधने असणे हा दोष कुठेच नाही. दोष फुशारकीत आहे आणि बंद हृदयात आहे. म्हणून मी ‘जगिक’ म्हणतो, पण वस्तूला नव्हे, ओढीला.

प्रतिसाद: ‘ऐहिक’बद्दल थोडे. इह म्हणजे इथले. ‘ऐहिक ज्ञान’ म्हटले तर त्यात निंदा नाही. मात्र देमासाच्या संदर्भात हा शब्द नेमका लागू पडतो. फिलेमोनाच्या पत्रात पौल त्याला सहकाऱ्यांमध्ये मोजतो, कलस्सै ४:१४ मध्ये लूकबरोबर त्याचा सलाम पोहोचवतो, आणि २ तीमथ्य ४:१० मध्ये लिहितो की देमास त्याला सोडून थेस्सलनीकास गेला. कारण चालू युगावरची प्रीती. तिथे शब्द कॉसमॉस नाही, आयोन आहे, म्हणजे युग. रोम १२:२ मध्येही तोच: या युगाशी समरूप होऊ नका.

प्रतिसाद: ‘वाहवत जाणे’ या शब्दाची मला अडचण वाटते. ‘भावनेच्या भरात वाहवत गेला’ म्हटले की मराठी कानाला जोर आणि आवेग ऐकू येतो. इब्री २:१ च्या ग्रीक क्रियापदात मात्र बाजूने हलकेच वाहून जाण्याचा, निसटण्याचा भाव आहे. ‘मागे फिरणे’ यात निर्णय असतो, इथे तो नाही. म्हणून हे अजून विश्वास सोडणे नव्हे, पण तिकडेच नेणारे आहे. ‘नकळत दुरावणे’ मला जास्त जवळचे वाटते. सुटलेली होडी किनाऱ्यापासून दूर जायला वल्ही मारावी लागत नाहीत.

आणि इथे मला कळकळीने सांगायचे आहे. आपण जगिकपणा कपड्यांत, गाण्यांत, सिनेमात शोधतो, कारण तो तिथे मोजायला सोपा जातो. इफिसच्या मंडळीची कामे होती, श्रम होते, धीर होता, खोटे प्रेषित तिने ओळखले होते. तरीही प्रकटीकरण २:४ मध्ये तिला सुनावले आहे की तू पहिली प्रीती सोडलीस. अशा मंडळीला आपण एका नजरेत आत्मिक ठरवले असते. इब्री पत्राच्या लेखकाने सांगितलेला उपायही नवा नियम नाही: जे ऐकले आहे त्याकडे अधिक लक्ष द्या, म्हणजे तीच सुवार्ता पुन्हा, रोज. एकट्याने नाही. ३:१३ मध्ये ‘प्रतिदिवशी एकमेकांना बोध करा’ असे आहे, कारण दुरावणाऱ्याला स्वतःला ते दिसत नाही.

मूळ प्रश्नकर्ती: मनापासून आभार. त्या मुलीला आधी योहान १७:१५ वाचून दाखवते. त्यांना जगातून काढून घे, अशी विनंती प्रभूने तिथे केलेलीच नाही. त्यांना दुष्टापासून राख, एवढेच मागितले आहे. ‘सांसारिक’ मात्र माझ्या प्रार्थनेतून आजपासून गेला.