जळजळ थांबली म्हणजे आजार गेला असं नाही

'मेडिकलमधून गोळ्या आणल्या, चार दिवसांत लघवीची जळजळ थांबली, मग तपासणी कशाला?' असं एकाने विचारलंय, म्हणून लैंगिक संबंधांतून होणाऱ्या आजारांबद्दल लिहिते. मी काही वर्षं सरकारी दवाखान्यात समुपदेशक होते.

गरमीची, म्हणजे सिफिलिसची, पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि औषधाशिवायही तीन ते सहा आठवड्यांत भरून येते. माणूस निर्धास्त होतो, जंतू मात्र रक्तात राहतात. व्हीडीआरएलची साधी रक्ततपासणी होते, आणि सुरुवातीलाच कळलं तर बेंझाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटचा एकच डोस पुरतो. परम्याचं, म्हणजे गोनोरियाचं, उलटं आहे. त्याचे जंतू जुन्या औषधांना दाद देईनासे झालेत, त्यामुळे अर्धवट गोळ्या घेणं फार महागात पडतं.

आणि जोडीदार! एक ताई तीनदा त्याच तक्रारीसाठी आल्या. दर वेळी औषध पूर्ण घ्यायच्या, रिकामं पाकीट पदराच्या गाठीतून काढून दाखवायच्या. नवरा एकदाही आला नव्हता. चौथ्यांदा तो आला, दोघांचे उपचार झाले आणि तक्रार थांबली. दोघांचे उपचार होऊन किमान सात दिवस जाईपर्यंत संबंध नकोत, नंतरही निरोध वापरा.

एसटी स्टँडवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींच्या नादी कृपया लागू नका. जिल्हा रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. त्याच वेळी एचआयव्हीचीही तपासणी करून घ्या. समोरासमोर विचारायला जड जात असेल तर १०९७ या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर फोन करा, नाव सांगावं लागत नाही.