जुनी एमडीबी फाइल ६४ बिट पायथनला दिसत नाही, ओडीबीसी ड्रायव्हरसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाचं काम २००१ पासून व्हिज्युअल बेसिक ६ मधल्या एका प्रोग्रामवर चालतं. दाखल नोंदवही, सभासदांच्या अनामती, रोजची देवघेव, सगळं ॲक्सेस ९७ (मायक्रोसॉफ्टचा जुना डेटाबेस प्रोग्राम) च्या एकाच एमडीबी फाइलमध्ये आहे. गेल्या महिन्यात जुना संगणक बंद पडला. हार्ड डिस्क वाचली, त्यामुळे फाइल हाती आहे. नव्या मशीनवर विंडोज ११ आणि ३२ बिट ऑफिस आहे.

प्रोग्राम उघडताच आयएम००२ ही चूक आली, म्हणजे डीएसएन (कोणती फाइल कोणत्या ड्रायव्हरने उघडायची याची विंडोजमधली नोंद) सापडत नाही. नवा सिस्टम डीएसएन बनवायला गेलो, तर यादीत ॲक्सेसचा ड्रायव्हर (फाइल वाचून देणारा दुवा) नव्हताच! दोन दिवसांनी उलगडा झाला. विंडोजमध्ये ओडीबीसीच्या (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारी सोय) दोन खिडक्या आहेत, एक ३२ बिट प्रोग्रामांसाठी आणि एक ६४ बिट प्रोग्रामांसाठी, आणि मी ६४ बिटची उघडली होती. ३२ बिटची सिसवाव६४ या फोल्डरमध्ये असते आणि ६४ बिटची सिस्टम३२ मध्ये. नावं अगदी उलटी, त्यामुळे कुणीही फसेल. ३२ बिटच्या खिडकीत प्रोग्रामला हव्या त्या नावाचा डीएसएन केला आणि प्रोग्राम सुरू झाला. इथवर ठीक.

आता हा सगळा डेटा मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये न्यायचा आहे, म्हणून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिला ओडीबीसीशी जोडणारं पायओडीबीसी टाकलं. तोच डीएसएन दिला तर आयएम०१४ येतं: ड्रायव्हर आणि ॲप्लिकेशन यांचं आर्किटेक्चर (३२ की ६४ बिट) जुळत नाही. ड्रायव्हरांची यादी मागितली तर त्यात फक्त एसक्यूएल सर्व्हर दिसतो, ॲक्सेसचं नावच नाही. मग ॲक्सेस डेटाबेस इंजिनची (ॲक्सेसचे ड्रायव्हर देणारं मायक्रोसॉफ्टचं पॅकेज) ६४ बिट आवृत्ती उतरवली, पण ३२ बिट ऑफिस आधीपासून आहे म्हणून ती बसायलाच नकार देते. ऑफिस काढून ६४ बिट टाकावं का? देवघेव एक दिवसही थांबवता येत नाही, म्हणून हात लावायची भीती वाटते. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ऑफिसला अजिबात हात लावू नका. तुमचं पायथन ६४ बिट आहे, अडचण तेवढीच आहे. ६४ बिट प्रोसेसमध्ये ३२ बिट ड्रायव्हर लोड होत नाही, मग डीएसएन कितीही नीट बनवा. एमडीबी फाइली वाचणाऱ्या जुन्या जेट ४.० इंजिनची ६४ बिट आवृत्ती कधी निघालीच नाही, मात्र ३२ बिट ड्रायव्हर विंडोजसोबतच येतो. तेव्हा ३२ बिट पायथन वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि त्याच्यासाठी पायओडीबीसी पुन्हा बसवा. नवं इंजिन टाकूनही बहुधा फसला असता, कारण ॲक्सेस २०१३ पासून ९७ च्या फाइली उघडत नाहीत. जेट त्या उघडतो.

आणि मूळ फाइलवर काम करू नका, आधी प्रत काढा. तरीही अडलंच तर लिनक्सवरचं एमडीबीटूल्स बघा. ते ओडीबीसीशिवाय थेट फाइल वाचतं, ९७ चीसुद्धा.

मूळ लेखक

मनापासून आभार! ३२ बिट पायथनने पहिल्याच फटक्यात सगळे तक्ते दाखवले. सभासदांच्या अनामतींची बेरीज वहीशी ताडून पाहिली, रुपयाचाही फरक नाही. किती हायसं वाटलं, सांगू शकत नाही.

एक प्रश्न अजून उरला आहे. पुस्तकांची नावं जुन्या बिगर-युनिकोड मराठी फाँटमध्ये टंकलेली असल्यामुळे ती रोमन अक्षरांच्या गिचमिडीसारखी येतात. नोंदी मी आहे तशाच मायएसक्यूएलमध्ये उतरवल्या आहेत, कशाचंही रूपांतर केलेलं नाही. अशा फाँटची अक्षरजुळणी करून मजकूर युनिकोडमध्ये (आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात) कुणी आणला आहे का? पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, ती नंतर कशी आणायची, तिथेच मी अडलो आहे.